स्वस्ताईचे मोल

एखादी वस्तू आपणांस किती स्वस्त मिळाली हे सांगण्यात मनुष्यास जो आनंद होतो, तो ती वस्तू प्रत्यक्ष वापरण्यातही पुष्कळदा होत नाही. महाग घेतलेल्या वस्तूची किंमत माणूस विचारल्याखेरीज सांगत नाही. स्वस्त घेतलेल्या वस्तूची मात्र न विचारता सांगतो, आणि ऐकणाराने आश्चर्य दाखविले नाही तर मनातून खट्टू होतो. मध्यम स्थितीतील कुटुंबांत काटकसर हा गुण मानला जातो, आणि ते योग्यच आहे. मिळकत ठरलेली आणि खर्च वाढता, अशा संसारात चार पैसे वाचविण्याची कला ज्यास साधली नाही, त्याच्या मुलांच्या शिक्षणास आणि वडील माणसांच्या औषधपाण्यास त्याची झळ लागते. परंतु काटकसर करणे आणि स्वस्ताईचा अभिमान बाळगणे या दोन गोष्टी एक नव्हेत. काटकसरीत आपण स्वतःचे काही कमी करतो. स्वस्ताईच्या अभिमानात, जे कमी झाले ते दुसऱ्या कोणाच्या ताटातून तर गेले नाही ना, ही चौकशी राहून जाते. स्वस्त वस्तू घेणाऱ्यावर, ती स्वस्त का झाली हे जाणून घेण्याचे काही कर्तव्य येते काय, या प्रश्नाचा आज विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

असे प्रश्न केवळ तत्त्वरूपाने मांडले तर त्यांची उत्तरे फार लवकर सापडतात आणि तितक्याच लवकर विसरली जातात. म्हणून एक लहानसे, अगदी रोजच्या खाण्याचे उदाहरण घेऊ. ते आहे चिनी भटारखान्याचे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को नावाचे जे शहर आहे, तेथील चिनी वस्ती त्या देशातील सर्वांत जुन्या चिनी वस्त्यांपैकी एक होय. तिच्या मधून स्टॉक्टन स्ट्रीट नावाचा रस्ता जातो. पाहुण्यांसाठी सजविलेल्या शेजारच्या ग्रँट ॲव्हेन्यूहून हा रस्ता वेगळा. येथे भाजीपाला, मासे, वाळविलेली कवचीची कालवे, औषधी मुळ्या यांची दुकाने आहेत, आणि त्यांच्या मधूनमधून लहान लहान भटारखाने आहेत. आमच्याकडील कित्येक मराठी कुटुंबे आता त्या शहराच्या आसपास स्थायिक झाली आहेत, आणि रविवारी सकाळी अशा एखाद्या दुकानापुढील रांगेत मराठी बोलणे कानी पडले तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

दुकान अरुंद असते. बसावयास जागा नसते, किंवा असली तर दोनचार खुर्च्यांपुरती. काचेच्या कपाटात पत्र्याच्या ताटांतून भाजलेले पाव मांडलेले, आणि त्यामागे वाफेचे डबे एकावर एक रचलेले. विकणाऱ्या बायका कँटोनी भाषेत एकमेकींशी मोठ्याने बोलतात आणि गिऱ्हाइकाशी अगदी मोजके. गिऱ्हाइकाने बोट दाखवावे, त्यांनी चिमट्याने जिन्नस उचलून गुलाबी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरावा, दोरीने किंवा रबराने ते बांधावे आणि पुढच्या माणसाकडे पाहावे. एवढ्यात व्यवहार संपतो. शहराच्या इतर भागांत कॉफीचा एक पेला घेण्यास जे दाम पडतात, त्यात येथे एका माणसाची न्याहारी होते.

आता त्या खोक्यात काय असते ते पाहू, म्हणजे प्रश्नाचे स्वरूप ध्यानी येईल. हा-गाउ म्हणून एक पदार्थ आहे. कोळंबीचे सारण घातलेली, वाफेवर शिजविलेली ती एक लहान मुडी होय. तिची पारी कणकेची नसते. कुरडया करण्यासाठी आपल्याकडे गव्हाचा चीक काढतात; त्याच चिकाचे वाळविलेले सत्त्व उकळत्या पाण्यात उकडून, त्यात थोडे टॅपिओकाचे पीठ मिसळून ही पारी करतात. ती इतकी पातळ लाटावी लागते की शिजल्यावर आतील कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसावा, आणि तरीही ती उचलताना फाटू नये. तिला एका बाजूने बारीक चुण्या घालतात. उकडीच्या मोदकास कळ्या पाडणे किती नाजूक काम आहे हे ज्या घरांत ठाऊक आहे, त्या घरांत या कामाचे वर्णन अधिक करावयास नको. मोदक आपण वर्षातून थोडेच दिवस करतो. तेथील बायका व पुरुष हे काम पहाटेपासून, दररोज, शेकड्यांनी करतात.

दुसरा पदार्थ बोलो-बाउ. याच्या नावात अननस आहे, परंतु पदार्थात अननसाचा अंशही नाही. पावावरील साखर-लोण्याचे कवच भाजताना तडकून अननसाच्या सालीसारखे दिसते, एवढ्यावरून ते नाव पडले. तिसरा दान-टाट, म्हणजे अंड्याच्या मऊ खिरीने भरलेली पारीची वाटी. शिवाय डुकराचे गोड भाजलेले मांस भरलेला चा-सिउ-बाउ, तिळात घोळून तळलेले जिन-देउ, पांढऱ्या मुळ्याचा किस तांदळाच्या पिठात वाफवून परतलेल्या वड्या, असे किती तरी. वाफविलेल्या व तळलेल्या या लहान पदार्थांस मिळून डिम सम म्हणतात. त्या दोन अक्षरांचा अर्थ हृदयास हलकेच स्पर्श करणे असा होतो. ग्वांगदुंग प्रांतातील चहागृहांतून हे पदार्थ चहाबरोबर खाण्याची रीत वाढली, आणि तेथून ती हाँगकाँगला व समुद्रापार गेली.

भाजलेल्या पदार्थांची कथा थोडी निराळी आहे. दक्षिण चीनमधील लोक परंपरेने वाफेवर शिजविणारे. भट्टीत भाजलेला गोड पाव आणि लोण्याची पारी या गोष्टी तेथे युरोपीय लोकांच्या सहवासाने रुजल्या. इंग्रजांच्या दुधा-अंड्याच्या खिरीच्या वाटीचे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कँटन व हाँगकाँग येथे दान-टाट झाले. मकाव बेटांवर पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि तेथील काळसर डाग पडलेली वाटी पोर्तुगालच्या वाटीशी नाते सांगते. परंतु तिला हल्लीचे रूप मकावात १९८९ साली अँड्र्यू स्टो नावाच्या एका इंग्रजाने दिले, हा इतिहासाचा विनोद होय. ज्या पोर्तुगीजांनी गोव्यात भट्टी आणली आणि मराठी भाषेस पाव हा शब्द दिला, तेच लोक त्या दुसऱ्या किनाऱ्यावर होते. हाँगकाँगच्या सरकारने २०१४ साली आपल्या अमूर्त वारशाची जी यादी तयार केली तीत बोलो-बाउ व दान-टाट करण्याच्या कलेचा समावेश केला. अमेरिकेने १९६५ साली परदेशीयांच्या आगमनाचे कायदे सैल केल्यावर हाँगकाँगहून जी कुटुंबे आली, त्यांच्याबरोबर ही कला सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क येथील चिनी वस्त्यांत पसरली.

इतके श्रम, इतके कौशल्य, इतका इतिहास, आणि किंमत इतकी अल्प. हे कसे होते?

याचे एक कारण सर्वस्वी प्रशंसनीय आहे. भटारखाना खुर्च्यांवर, दिव्यांवर, वाढप्यांवर खर्च करीत नाही. एकाच मळलेल्या पिठातून तो दहा प्रकार काढतो. नफा थोडा आणि खप मोठा, हे त्याचे सूत्र. काही वाया जाऊ द्यावयाचे नाही, ही त्याची शिस्त. हाँगकाँगमध्ये गाय-मेइ-बाउ नावाचा एक पाव आहे. आदल्या दिवशी न खपलेले पाव कुस्करून, त्यात साखर व खोबरे मिसळून त्याचे सारण नव्या पावात भरण्याची युक्ती कोणा भटाऱ्याने काढली आणि त्यातून तो जन्मास आला, असे सांगतात. अशा स्वस्ताईत कोणाचेही नुकसान नाही. ती बुद्धीची कमाई आहे, आणि तिचा लाभ गिऱ्हाइकाने निःशंकपणे घ्यावा.

दुसरे कारण इतके निर्मळ नाही. घरची माणसे बिनपगारी राबतात; नोकर म्हणून ठेवलेल्या माणसांस भाषा येत नाही, दुसरीकडे कोणी काम देत नाही, आणि म्हणून ती मिळेल त्या वेतनावर राहतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीतील उपाहारगृहांत काम करणाऱ्या ४३३ लोकांस विचारून एका कामगार-हितैषी संस्थेने २०१० साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे निम्म्यांस कायद्याने ठरविलेले किमान वेतनही मिळत नव्हते असे त्यात दिसून आले. ज्या दुकानाची स्वस्ताई अशा मार्गाने येते, तेथे गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेला पैसा वस्तुतः कोणा तरी स्त्रीच्या पगारातून काढलेला असतो.

तिसरे कारण सर्वांत सूक्ष्म आहे, आणि आमच्या मते विचारवंतांनी अधिक लक्ष द्यावे असे तेच आहे. ते भट्टीत नाही, गिऱ्हाइकाच्या मनात आहे. चिनी खाणे स्वस्तच असले पाहिजे, अशी त्याची समजूत असते. इटालियन किंवा फ्रेंच उपाहारगृहात तितक्याच आकाराची, तितक्याच श्रमाची, सारण भरलेली मुडी सहा नगांस तो हसतमुखाने जे मोल देतो, तेच मोल चिनी दुकानात मागितले तर लुबाडल्यासारखे मानतो. भारतात जन्मलेले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात अध्यापन करणारे कृष्णेंदु रे यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द एथ्निक रेस्टॉरेटर' या ग्रंथात हाच विषय घेतला आहे. परदेशातून आलेल्या लोकांच्या अन्नास समाज जे मोल देण्यास तयार होतो, ते त्या लोकांच्या सामाजिक प्रतिष्ठेवर पुष्कळ अंशी अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. इटालियन लोक गरीब मजूर होते तोपर्यंत त्यांचे खाणेही हलके गणले जात असे; ते लोक वर चढले तसे त्यांचे खाणेही वर चढले. हे खरे असेल तर पदार्थाची किंमत ही केवळ पदार्थाची किंमत नव्हे. तीत तो करणाऱ्या माणसाविषयीचा आपला अभिप्रायही मिसळलेला असतो.

या अभिप्रायाचा इतिहास सॅन फ्रान्सिस्कोत फार स्पष्ट लिहिलेला आहे. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या खाणी आणि लोहमार्ग यांच्या कामासाठी चिनी मजूर तेथे गेले. थोड्याच वर्षांत त्यांच्याविरुद्ध जो गिल्ला झाला त्याचा मुख्य आरोप हाच होता की, हे लोक स्वस्त आहेत. ते थोड्या मजुरीवर राबतात, मूठभर भातावर जगतात, आणि म्हणून गोऱ्या मजुराच्या घरातील मांस-भाकरी हिरावून घेतात. या गिल्ल्याचे फळ म्हणजे १८८२ सालचा चिनी मजुरांस बंदी करणारा कायदा. तो आरंभी दहा वर्षांपुरता होता, पुढे वाढविला गेला आणि १९०२ साली कायमचा करण्यात आला. त्याच सुमारास सॅम्युएल गोम्पर्स या प्रसिद्ध कामगार-पुढाऱ्याने एका सहकाऱ्याबरोबर एक पुस्तिका काढली. तिचे नावच मुळी मांस विरुद्ध भात, या दोहोंतून कोण टिकणार, अशा अर्थाचे होते. गोम्पर्स स्वतः लंडनमध्ये जन्मलेला आणि लहानपणी अमेरिकेत आलेला परदेशी होता. परंतु परदेशी असण्याचा दोष त्याच्या लेखी दुसऱ्याच किनाऱ्यावरून येणाऱ्यांस लागत होता.

मजुरांस बंदी झाली तरी व्यापाऱ्यांस काही सवलती होत्या. १९१५ साली एका न्यायालयाने उपाहारगृहाचा मालक हाही व्यापारी होय असे ठरविल्यावर पुष्कळ चिनी लोक त्या धंद्याकडे वळले. स्वयंपाक ही त्यांची जन्मजात आवड होती म्हणून ते सर्व खाणावळवाले झाले नाहीत. इतर दारे बंद होती आणि हे एक किलकिले होते, हेही त्याचे मोठे कारण होय. हा कायदा १९४३ साली, चीन युद्धात अमेरिकेचा मित्र झाल्यावर, रद्द झाला. परंतु तेव्हाही वर्षाकाठी केवळ १०५ चिनी लोकांस प्रवेश देण्याची मर्यादा घालण्यात आली.

या इतिहासातून एक चमत्कारिक गोष्ट दिसते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चिनी मनुष्याची स्वस्ताई हा त्याचा अपराध होता. आज तीच त्याची थोरवी झाली आहे. पूर्वी तो थोडक्यात राबतो म्हणून त्यास हाकलावयाचे, आता तो थोडक्यात खाऊ घालतो म्हणून त्याच्या दुकानापुढे रांग लावावयाची. निंदा जाऊन स्तुती आली एवढ्यावरून न्याय आला असे मात्र म्हणता येत नाही. कारण दोन्ही वेळी त्याचे मोल त्याने ठरविलेले नाही, दुसऱ्याने ठरविले आहे.

यावर कोणी म्हणेल की, हा सर्व विचार फाजील आहे. दुकानदाराने भाव लावला, गिऱ्हाइकाने तो दिला. दोघांचा राजीखुशीचा सौदा झाला, मग तिसऱ्याने मध्ये का पडावे? हा युक्तिवाद वरवर बळकट दिसतो. परंतु राजीखुशी ही कोणत्या परिस्थितीत दिली गेली याचा विचार केल्यावाचून तिला राजीखुशी म्हणणे बरोबर नाही. बुडणारा मनुष्य दोर देणाराच्या सर्व अटी मान्य करतो. त्यावरून त्या अटी न्याय्य ठरत नाहीत.

चीनच्याच एका थोर तत्त्ववेत्त्याने या विषयास दोन सहस्र वर्षांहून अधिक काळापूर्वी स्पर्श केला होता. मेन्सियसच्या काळी शू शिंग नावाचा एक उपदेशक होता. बाजारात एकच भाव असावा, सारख्या लांबीच्या कापडास सारखी किंमत आणि सारख्या मापाच्या जोड्यास सारखी किंमत असावी, म्हणजे लहान मुलासही कोणी फसवणार नाही, असे त्याच्या अनुयायांचे म्हणणे होते. मेन्सियसने यास हरकत घेतली. वस्तू एकमेकींसारख्या नसतात हाच त्यांचा स्वभाव आहे. ओबडधोबड जोडा आणि निगुतीने केलेला जोडा यांस एकच दाम मिळू लागले तर निगुतीचा जोडा करील कोण, असा त्याचा भावार्थ होता. फार शहाणपणाचा हा विचार आहे. जे अन्न कुशल हातांनी केले जाते, त्यास जर कायमचे ओबडधोबडीचे मोल मिळत राहिले, तर ते हात एक दिवस थांबतात. या भटारखान्यांत हे घडताना दिसते. मालक म्हातारे होतात, आणि त्यांची मुले डॉक्टर, वकील, यंत्रज्ञ होऊन दूर जातात. पुष्कळ आईबाप तर ही मुले भट्टीपाशी येऊ नयेत म्हणूनच पहाटे तीनला उठत आलेले असतात. दुकान बंद झाले म्हणजे हळहळणारे गिऱ्हाईक आणि मुलगा या कष्टातून सुटला म्हणून समाधान मानणारा बाप, या दोघांच्या दृष्टींत किती अंतर आहे! ज्या गोष्टीस आपण वारसा म्हणतो तीस तो बाप ओझे म्हणत असेल, तर चूक त्याची नव्हे.

तर मग उपाय काय? अधिक दाम द्यावे, महाग दुकानात जावे, म्हणजे आपली सद्सद्विवेकबुद्धी स्वच्छ राहील, असे सुखवस्तू माणसास वाटणे साहजिक आहे. परंतु हा मार्ग दिसतो तितका सरळ नाही. त्याच सॅन फ्रान्सिस्को शहरात डिम समसाठी नामांकित असलेल्या एका उंची उपाहारगृहाने सुमारे २८० कामगारांचे थकलेले वेतन वगैरे मिळून ४० लक्ष डॉलर देण्याचे २०१४ साली मान्य केले. तेथील गिऱ्हाइके भटारखान्याच्या कित्येक पट दाम देत होती. तरीही तो पैसा कामगाराच्या हातापर्यंत पोचला नव्हता. म्हणजे महागाई ही न्यायाची खूण नव्हे आणि स्वस्ताई ही अन्यायाची खूण नव्हे. किंमत पाहून नीती ओळखता आली असती तर जगातील सर्वांत नीतिमान मनुष्य सर्वांत धनवान ठरला असता.

शिवाय दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती विसरून चालणार नाही. हे भटारखाने मुळात कोणासाठी आहेत? दुरून गाडीतून येणाऱ्या हौशी पाहुण्यांसाठी ते काढलेले नाहीत. चिनी वस्तीत एकाएका खोलीची बिऱ्हाडे असलेल्या जुन्या चाळीवजा इमारती पुष्कळ आहेत. खोली एवढीशी, की एक खाट मांडल्यावर उभे राहण्यापुरती जागा उरावी. स्वयंपाकघर आणि मोरी साऱ्या मजल्यास मिळून सामाईक. त्यांत म्हातारे स्त्रीपुरुष आणि नुकती आलेली कुटुंबे राहतात. स्वयंपाकघरात नंबर लागेपर्यंत दुपार व्हावी, अशा माणसास कोपऱ्यावरील दुकानातील गरम बाउ आणि कांजी म्हणजे चैन नव्हे, जेवण होय. त्याची स्वस्ताई हाच त्याचा आधार आहे. अशा बिऱ्हाडांवर काय प्रसंग येऊ शकतो हे १९७७ सालच्या ऑगस्टमध्ये इंटरनॅशनल हॉटेल या इमारतीतून फिलिपिनो व चिनी वृद्ध भाडेकरूंस पोलिसांनी मध्यरात्रीनंतर बाहेर काढले तेव्हा साऱ्या शहराने पाहिले. उद्या सर्व सुखवस्तू गिऱ्हाइकांनी उदार होऊन दुप्पट दाम देण्यास आरंभ केला, तर दुकानदार भाव वाढवील, घरमालक भाडे वाढवील, आणि त्या औदार्याचा भार शेवटी त्या म्हाताऱ्यांवर पडेल.

एकाच स्वस्त पावात अशा रीतीने दोन गरिबांचे हित एकमेकांविरुद्ध उभे राहते: तो करणाऱ्या बाईचे आणि तो खाणाऱ्या म्हाताऱ्याचे. तिला अधिक वेतन हवे, त्यास कमी किंमत हवी. हा पेच गिऱ्हाइकाच्या एकट्याच्या दानतीने सुटणारा नाही. जेथे दोन दुर्बळांची गाठ पडते तेथे समाजाने तिसऱ्या बाजूने हात द्यावयाचा असतो. किमान वेतनाचा कायदा आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा प्रामाणिक अधिकारी, म्हाताऱ्यांच्या भाड्यास मर्यादा, नव्याने आलेल्यास भाषा शिकविण्याची सोय, या गोष्टी झाल्या म्हणजे पाव स्वस्त राहूनही तो करणारी उपाशी राहत नाही. अशा गोष्टींसाठी लागणारा कर देताना जो कुरकुरतो आणि दुकानात मात्र चार पैसे अधिक टाकून दयाळू म्हणवितो, त्याची दया खोटी नसली तरी अपुरी आहे.

हे उदाहरण परदेशातील आहे म्हणून आपण त्यातून मोकळे होतो असे मात्र नव्हे. कोलकात्यात टिरेट्टा बझार नावाचा भाग आहे. तेथील चिनी कुटुंबे पहाटे रस्त्याच्या कडेस वाफाळलेले बाउ, सिउ-माय, माशाच्या गोळ्यांचे सार मांडून बसत आली, आणि त्या स्वस्त न्याहारीची ख्याती शहरभर आहे. परंतु १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा याच मंडळींपैकी आणि ईशान्येकडील चिनी कुटुंबांपैकी मिळून सुमारे ३,००० लोकांस राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांत म्हातारे होते, मुले होती. कित्येकांचा जन्म याच भूमीत झालेला होता. शेवटच्या माणसांची सुटका होण्यास १९६७ साल उजाडले. परत आल्यावर कित्येकांस घरे व दुकाने उरली नव्हती, आणि पुष्कळ जण कॅनडासारख्या देशांत निघून गेले. ज्या हातांचे बाउ लोकांनी वर्षानुवर्षे चवीने खाल्ले, ते हात गाडीत घालून नेले जात असताना त्या खाण्याची ओळख फारशी कोणाच्या उपयोगी पडली नाही. अन्न आवडणे आणि अन्न देणारा आपला वाटणे यांत केवढे अंतर असते, हे यावरून कळावे. मुंबईतील माझगावात १९१९ सालचे एक लहान चिनी देवालय आहे. त्याच्या जवळून रोज जाणाऱ्या किती जणांस त्याची माहिती असेल?

आणि आज आपल्या गावोगावी नाक्यावर ज्या चायनीजच्या गाड्या उभ्या असतात, त्यांच्या कढईपाशी मध्यरात्रीपर्यंत उभा असलेला मुलगा बहुधा दूरच्या प्रांतातून आलेला असतो. त्याचे नाव, गाव आणि पगार गिऱ्हाइकांपैकी कितीकांनी विचारलेला असतो? एका ताटलीत दोघांचे भागते, एवढे मात्र सर्वांस ठाऊक असते.

तेव्हा आमचा मूळ प्रश्न होता त्याचे उत्तर आम्ही असे देऊ. स्वस्त वस्तू घेणे हा दोष नाही, आणि ती महाग घेणे हे पुण्य नाही. दोष आहे तो स्वस्ताईस आपला हक्क मानण्यात. जो मनुष्य स्वस्त पाव घेताना, यातील कोणता भाग भटाऱ्याच्या कौशल्याने वाचला, कोणता मजुराच्या वेतनातून कापला गेला आणि कोणता आपल्याच मनातील तुच्छतेमुळे देण्याचे राहिले, असा भेद करण्याचा प्रयत्न करतो, तो गिऱ्हाईक म्हणून आपले कर्तव्य बजावतो. पहिल्या भागाबद्दल त्याने कौतुक करावे, दुसऱ्याबद्दल नागरिक म्हणून कायद्याचा आग्रह धरावा, आणि तिसऱ्याबद्दल स्वतःचे मन तपासावे. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या गोष्टीस एक पैसाही लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच त्या इतक्या क्वचित घडतात.

कँटोनी लोकांत एक रीत आहे. कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला म्हणजे दोन बोटांनी मेजावर हलकेच टकटक करावयाचे. बोलणे न थांबविता आभार मानण्याची ती खूण होय. वेषांतर करून फिरणाऱ्या चिएनलुंग बादशहाने स्वतः चहा ओतला, तेव्हा सेवकास उघडपणे दंडवत घालता येईना म्हणून त्याने बोटे वाकवून ते घातले, अशी तिची आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तीतील भाव खरा आहे. बादशहाने ओतलेल्या चहाबद्दल जी कृतज्ञता सेवकाने दाखविली, तीच पुढे सामान्य माणसे एकमेकांस दाखवू लागली. खाऊ घालणारा कोणीही असो, तो थोर आहे, असे ती रीत सांगते. पहाटे तीन वाजता भट्टी पेटविणाऱ्यास त्या मानाने वागविणारा समाज त्याच्या वेतनाचा प्रश्न फार काळ तसाच पडू देणार नाही, अशी आमची समजूत आहे. आणि तो मान देण्यास आरंभ करावयाचा तर त्यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.